मनीषाचे दोन पॉइंट एक स्टार

मनीषाच्या बोलण्याला पाचपैकी दोन पॉइंट एक स्टार होते. माझ्या बोलण्याला चार पॉइंट नऊ.

आम्हा दोघींत खोटारडी मी होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर गप्प बसले, आज बोलणार. ज्यांना झोंबेल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आम्ही दोघी वराळ्यात एका खोलीत, एका टेबलावर दोन लॅपटॉप मांडून डिझाइनची कामं करायचो. हॉटेलांची मेनू कार्डं, बंगल्यांची ब्रोशर, लोणच्याची लेबलं. कामं एका फ्रीलान्सिंग साइटवरून यायची.

त्या साइटचा एक भारी नियम. ऑर्डर द्यायच्या आधी नुसतं चॅट झालं, तरी गिऱ्हाईक तुमच्या बोलण्याला स्टार देऊ शकतं. आपणही त्याला देऊ शकतो, पण देतंय कोण! स्टार घसरले की प्रोफाइल खाली जातं, मग विचारायलाच कुणी येत नाही.

म्हणजे चूल पेटायच्या आधीच चवीला मार्क.

मनी लोहगडवाडीची. किल्ल्याखाली तिच्या आबांचं पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल आहे. ट्रेकवाले टेकायच्या आधीच आबा सांगणार, "भाकरीला येळ लागंल. घाई असंल तर फुडं जा, बसू नका."

मी एकदा म्हटलं, "आबा, अशानं गिऱ्हाईक जाईल ना!"

"जाऊ दे की! बसवून घ्यायचं आन् मग ताटकळत ठिवायचं, आपल्याला न्हाई जमत. बसायच्या आदी सांगितल्यालं बरं."

मनीने हेच उचललं होतं. "तुम्हाला नवीन लोगो नकोय, आहे तो चांगलाय." "दोन दिवसांत नाही होणार, आठ लागतील." ऑर्डर यायच्या आधीच बाई सगळं सांगून मोकळी. कुणी खूश व्हायचं, कुणी दोन स्टार ठोकून जायचं.

मग लोणावळ्याचा एक बंगलेवाला आला. त्याला ब्रोशर हवं होतं, आणि फोटोत बंगल्यामागे तलाव.

मनीने विचारलं, "गॅलरीतून तलाव दिसतो का?"

"एडिट करा ना मॅडम. गेस्ट काय तपासायला येणारेत?"

"गेस्ट पोराबाळांना घेऊन तलाव बघायलाच येणारेत. खरं काय आहे मागे?"

"पार्किंग."

"मग पार्किंग दाखवू. तेही लोकांना लागतंच."

एक स्टार. खाली शेरा, 'उद्धट. बोलायची पद्धत नाही.'

मी तिच्यावरच खेकसले. "मने, सॉरी म्हण त्याला. स्टार बदलून देईल. पोट भरायचंय का सत्याची पूजा घालायचीय?"

"सॉरी कशाबद्दल? तलाव नाही, म्हणून?"

आता पुढचं ऐका. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस माझ्या चॅटला आला. मी म्हटलं, "हो सर. होऊन जाईल सर."

तलाव मी चिकटवला. त्याच टेबलावर बसून, स्क्रीन तिरकी करून.

पाच स्टार. 'अतिशय नम्र.'

मनीला ते ब्रोशर माझ्या प्रोफाइलवर दिसलं. भांडली नाही. "शिल्पे, तलाव छान जमलाय गं," म्हणाली आणि चहा टाकायला उठली. दोन कानाखाली दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

तिला कामं येईनाशी झाली. शनिवार-रविवार आबांकडे भाकऱ्या थापायला जायला लागली. बोलणं मात्र तसूभर बदललं नाही.

मग डेंग्यू. पाच दिवस.

हॉस्पिटलमध्ये, सलाइन लावलेल्या हाताने तिने शेवटचा मेसेज टाइप केला. परंदवडीच्या एका ताईंना लोणच्याचं लेबल हवं होतं. "ताई, मी आजारी आहे. सणाच्या आधी नाही होणार. दुसरीकडे द्या, थांबू नका."

ताईंनी पाच स्टार दिले. 'काम झालं नाही. पण मला अडकवून ठेवलं नाही.'

ते वाचायला मनी नव्हती. आदल्याच दिवशी गेली. त्या पाच स्टारमुळे दोनाचे दोन पॉइंट एक झाले.

प्रोफाइल अजून आहे. तिच्या नावाखाली लिहिलंय, 'कम्युनिकेशन: कमी'.

डोंबलाचं कमी! मरायला टेकलेली बाई लोकांचा खोळंबा नको म्हणून टाइप करत होती. आणि 'हो सर, हो सर' करणारी मी म्हणे उत्तम!

काल त्याच बंगलेवाल्याचा मेसेज आला. नवा बंगला घेतलाय, या वेळी धबधबा हवाय. "तुम्ही छान बोलता, म्हणून थेट तुमच्याकडेच आलो."

मी लिहिलं, "दिसत नसेल तर धबधबा लावणार नाही. मागचा तलावही मी खोटा लावला होता, ते ब्रोशर पार्किंगसकट नवं करून देते. चालत नसेल तर दुसरीकडे जा, थांबू नका."

आज सकाळी मला पहिला एक स्टार मिळाला. 'उद्धट.'

स्क्रीनशॉट खाली टाकलाय. सांत्वनाला कुणी येऊ नका, मी मजेत आहे.

आता लोहगडवाडीला निघालेय. मनीच्या वर्षश्राद्धाचं जेवण आहे. आबांना तलावाचं सगळं सांगणार आहे, पानावर बसायच्या आधी. मग ते वाढतील, नाहीतर फुडं जा म्हणतील.

मने, सॉरी.

'कशाबद्दल?' विचारशील.

तलावाबद्दल गं.