गुलाबकाका आणि त्यांची ठेंगणी

गुलाबकाका कुणाच्याही घरी गेले की पायातले जोडे काढायच्या आधी बादली मागायचे. घरच्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणायचे, "मले मंग द्या. पहिले तिले पाजतो, लय तापली बिचारी." ती म्हणजे दारात उभी असलेली त्यांची मोटार. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत असायची आणि काका हाताला धोतराचा सोगा गुंडाळून, तोंड एका बाजूला फिरवून, टाकीचं झाकण सोडवत असायचे. तिचं पाणी पिऊन झालं की मग काकांचा चहा. आमच्या आईला हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की मोटारीचा आवाज आला की ती आधी विहिरीवर धावायची आणि मग चुलीकडे बघायची.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या रोहिणखेडात मोटार अशी ती एकच. लहानशी, विलायती, गोल डोळ्यांची, बसक्या बांध्याची. कुणा साहेबानं जुनी झाली म्हणून विकून टाकलेली. गाव तिला ठेंगणी म्हणायचं. काका बेताच्या जमिनीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिकवणारे शेतकरी, पण हौस दांडगी. मूळचं इंजिन म्हातारं होऊन बसलं तेव्हा त्यांनी खामगावहून एका मोडक्या जीपचं इंजिन आणून तिच्या पोटात बसवून घेतलं. रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी पुढची जाळीदार टाकी, मात्र तीच जुनी राहिली. मोताळ्याचे रहीमभाई मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "गुलाबभाऊ, इंजन बैलाचं अन् घोट चिमणीचा. कसं जमन?" काकांनी ते हसण्यावारी नेलं.

लग्नसराईत ठेंगणीला उसंत नसे. गावातली मुलगी पाटलाची असो, कोष्ट्याची असो की मोमिनाची, सासरी जायची ती ठेंगणीतूनच, आणि चालवायला काका स्वतः. त्याबद्दल एका नारळाखेरीज ते काही घेत नसत. त्यांचा नियम एकच होता. "नवरीची गाडी वाटेत थांबू नाही," ते म्हणायचे. "थांबली का पोरगी मनानं माघारी जाते. मंग रडणं पुन्हा पहिल्यापासून."

ही अक्कल त्यांना मोमिनांच्या सुलतानाच्या लग्नाच्या वेळी आली होती. आम्ही घाटाखालचे. बुलढाण्याकडे, म्हणजे घाटावर, मुलगी दिली की राजूरचा घाट चढावाच लागतो. सुलताना मोताळ्यापर्यंत शांत झाली होती, थोडी हसलीही होती. घाटाच्या मध्यावर ठेंगणी उकळली. गाडी निवेपर्यंत सगळे रस्त्याच्या कडेला उभे, आणि सुलतानानं असा हंबरडा फोडला की बरोबरच्या बायकाही तिच्या गळ्यात पडून रडू लागल्या. काका पुढे कित्येक दिवस म्हणत होते, "पोरीचे डोळे पाहून मले मेल्यासारखं झालं. दोष माह्या गाडीचा."

आणि मग त्यांच्या वच्छीचं लग्न ठरलं, बुलढाण्याचं. वच्छी माझी जिवाभावाची मैत्रीण. तिची आई ती रांगत असतानाच गेली. काकांनी तिची वेणी घालण्यापासून सगळं स्वतः केलेलं. बापानं लेकीला स्वतः सासरी पोचवू नये, असं चार लोकांनी सांगून पाहिलं. काका म्हणाले, "साऱ्या गावाच्या पोरी मी नेल्या, अन् माह्या पोरीले कोन्या दुसऱ्यानं न्यावं?"  पण ठेंगणी आजवर घाट न थांबता एकदाही चढली नव्हती, आणि ह्या खेपेला ती थांबता कामा नये, या एका गोष्टीनं काकांची झोप उडाली.

आधी त्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतात, पाणी गार राहतं. काकांनी ओलं पोतं रेडिएटरला गच्च गुंडाळलं आणि मोठ्या ऐटीत घाटाकडे निघाले. वारा अडला, आणि घाट राहिला दूर, ठेंगणी मोताळ्याच्या बाजारातच उकळली. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे ही बातमी काकांच्या आधी गावात पोचली. रहीमभाईंनी ते पोतं सोडलं आणि हसू दाबत विचारलं, "काऊन भाऊ, गाडीचं पानी प्यायचं हाय का तुमाले?"

मग मात्र रहीमभाईंच्या हाती गाडी दिली. त्यांनी जीपचाच रेडिएटर आणला. तो रुंदीला कसाबसा बसत होता, पण उंचीला आणि जाडीला नाही. मागे पंखा आणि पुढे पत्रा. बॅटरी काढून मागच्या सीटखाली गेली. पंख्याची पाती थोडी छाटली. तरी जमेना. शेवटी रहीमभाई म्हणाले, "पुढची जाळी काढून पत्रा कापा लागते. पाहून घ्या, मंग म्हनाल तोंड बिघडवलं." ठेंगणीच्या तोंडावरच्या त्या चकचकीत जाळीवर काकांचा फार जीव. रोज सकाळी ते ती चिंचेनं घासायचे. त्यांनी धोतराच्या सोग्यानं ती एकदा शेवटची पुसली. मग "काप" म्हणाले आणि करवतीकडे पाठ करून बसले.

नवा रेडिएटर दात पुढे आल्यासारखा दिसत होता. बॉनेट लागेना, म्हणून ते बैलाच्या चामडी पट्ट्यानं आवळून बांधलं. पोरं फिदीफिदी हसायची. काका म्हणायचे, "नवरी आत बसल्यावर गाडीचं तोंड कोन पाह्यते बे?"

लग्न लागलं. मी वच्छीची पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर मागे बसले, जावई पुढे काकांशेजारी. वच्छी वेशीपाशी रडली ती रडली, नंतर एकदम गप्प झाली. मोताळं गेलं, घाट लागला. रहीमभाईंनी गाडीत उष्णतेचा काटा लावून दिला होता, आणि काका रस्त्यापेक्षा त्याच्याचकडे जास्त बघत होते. एक वळण, दुसरं वळण, सुलतानाची जागा मागे पडली. काकांचा चेहरा फुलत चालला. तेवढ्यात मागून वच्छी म्हणाली, "बाबा, थांबवा ना गाडी."

"काऊन व? तापली नाही ना. काटा पाह्य, हालला भी नाही!"

"म्हणूनच म्हणते," वच्छी म्हणाली. "तापली असती तर थांबलेच असते ना तुमी. माह्याजवळ घटकाभर बसले असते."

काकांनी गाडी कडेला घेतली. जावई अबोल माणूस, पण त्यानं डबा उचलला आणि "मी पाणी बघतो" म्हणून तो वरच्या बाजूला चालायला लागला. पाणी नको आहे हे त्यालाही कळत होतं. मला तो त्या क्षणी फार आवडला. बाप-लेक कठड्यावर जाऊन बसली. दोघं काय बोलली मला ऐकू आलं नाही. मी गाडीतून उतरलेच नाही. पण रडत होते ते काका, आणि वच्छी पदरानं त्यांचे डोळे पुसत होती. गाडीत परत बसताना काका आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इतक्या पोरी नेल्या, अन् थांबू का म्हणून एकीलेही विचारलं नाही."

त्यानंतर एक अजब झालं. एवढा थोरला रेडिएटर असूनही ठेंगणी घाटात पुन्हा तापू लागली, असं गावात ऐकू यायला लागलं. बाजाराला, दवाखान्याला जाताना नाही. नवरी आत असली की हमखास. लोक रहीमभाईंना बोल लावायचे. ते बिचारे चिडून गाडी उघडून बघायचे, त्यांना काही सापडायचं नाही. काकांना विचारलं तर काका आभाळाकडे बघायचे.

पुढे मलाही घाटावरच, चिखलीला दिलं. घाटात, त्याच कठड्यापाशी, काकांनी गाडी उभी केली. "जावईबापू, तापली हो. थोडं पानी पाह्यता का कुठं?" माझे यजमान डबा घेऊन गेले. काकांनी पट्टा सोडून बॉनेट वर केलं आणि माझ्या बाजूचं दार उघडलं. मी उतरले. खाली मोताळ्याकडचा सगळा मुलूख उन्हात पसरला होता. आमचं गाव काही दिसत नव्हतं, पण ते कुठे असेल ते मला कळत होतं. मी सहज रेडिएटरवर हात ठेवला. तो जेमतेम कोमट होता.

"काका, ही तर..."

"तापली म्हनलं ना," काका म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "निवू दे तिले. तुले जितका वेळ लागन, तितका तिले लागन."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासरी जाताना माझ्याशी पुष्कळ जण पुष्कळ चांगलं बोलले, त्यातलं मला काही आठवत नाही. मी कठड्याला धरून पोटभर रडले, आणि काकांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.