डावा कळा

गेल्या सोमवारी सकाळी मी महाडहून, मावशीकडून, पोलादपूरजवळच्या आमच्या गावाकडे निघाले, ती सायकलवर. सायकल मावसभावाची, पुरुषी, मधे दांडा असलेली… म्हणून निघण्याआधी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते. मावशी ओट्यावरून म्हणाली, "निघतेस, की ब्रेक झिजवतेस?"

नैरोबीला मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्याला मला आता दोन वर्षं होतील. आमच्या घरात पाटी हातात धरली ती मी पहिली, आणि बोटीत पाऊल टाकलं तेही मीच. तिथे पगारातून सायकल घेतली, आणि गुडघे फोडून घेत शिकले.

रविवारी आम्ही चौघी शिक्षिका डबे बांधून टेकड्यांकडे जातो. तांबड्या मातीचा रस्ता, कान गार करणारा वारा… एकदा तर रस्त्याकडेला झेब्र्यांचा कळपच उभा. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागले, जणू मास्तरणी रोजच जातात इथून. त्या दिवशी इतकी हसले, की उतरून सायकल हातात धरावी लागली.

पण सोमवारचं जाणं मजेसाठी नव्हतं. रजा संपत आली होती, आणि मी परत जायचं की नाही, ते त्या दिवशी गावच्या देवीपुढे ठरायचं होतं.

मी तिकडे असताना आई तापाने अंथरुणाला खिळली होती. मला ते कळलं, तोवर ती उठून भात कांडायलाही लागली होती… तेव्हापासून आबांच्या मनाने घेतलं, की लेक इतकी लांब नको. माझ्या ट्रंकेकडे बघायचे आणि बाहेर जायचे.

आमच्याकडे मोठ्या कामाआधी कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून आपला प्रश्न देवीला विचारतो. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

"देवी सांगंल तसं करू," आबा म्हणाले होते. मी लगेच म्हटलं, "मला मान्य." कौलावर माझा कितपत विश्वास आहे, ते मलाच नीट सांगता येणार नाही. पण दिलेला शब्द मोडता येत नाही, एवढं समजतं… आणि शब्द दिल्यापासून घास गोड लागत नव्हता.

रस्त्याला लागल्यावर मात्र गंमत झाली. आईचं नऊवारी लुगडं कासोटा घालून नेसले होते, त्यामुळे नैरोबीला साडी साखळीत अडकते तसं काही होईना. एका बाजूला सावित्री नदी, दुसऱ्या बाजूला वालाची हिरवी शेतं, आणि पहाटेचं धुकं अजून डोंगरांच्या कमरेला… काळजी घेऊन निघालेले पाय हळूहळू आपल्याच नादात फिरायला लागले.

वालाच्या शेंगा तोडणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी बांधावर आली. "बैल नाय, घोडा नाय. वढतंय कोन गो हिला?"

"माझेच पाय, आजी."

"मंग चालत का नाय जात?"

बाया हसल्या, मीही हसले, आणि तिने माझ्या ओच्यात मूठभर शेंगा टाकल्या.

देवळापाशी आई-आबांची बैलगाडी आधीच येऊन सोडलेली होती. गाभाऱ्यात आबा आणि गुरव, आम्ही दोघी बाहेर. गाऱ्हाणं हळू आवाजात चाललं होतं, शब्द कळत नव्हते… मी नुसते कळे बघत होते.

डावा पडला.

मी उंबऱ्याला डोकं टेकवलं आणि देवळाबाहेर आले. हेडमिस्ट्रेसबाईंना काय कळवायचं, माझ्या वर्गातल्या मुलींना कोण घेईल, असलंच सगळं डोक्यात. सायकलच्या सीटवरची धूळ पुसत राहिले… धूळ नव्हतीच.

आबा मागून आले. "रडतेस का गो?"

"नाही. कौल मान्य आहे मला."

"मान्य हाय तर त्वांड असं का? बोटीची तयारी कर."

मला काही उमगेना. म्हटलं, "आबा, डावा पडला ना?"

"डावाच पडला. मी इचारलं, पोरीला अडवू का. देवी नाय म्हनाली."

आई पदराआड हसत होती. आबा काय विचारणार ते तिला आधीच ठाऊक होतं, हे तेव्हा कळलं.

मी विचारलं, "पण मला जाऊ दे का, असं का नाही विचारलंत?"

आबा जू उचलत होते. "जायचं तुझ्या मनात व्हतं, तुला कुनाला इचारायचं काय? अडवायचं माझ्या मनात व्हतं. मंग मलाच इचाराया पायजे."

मग मात्र मी रडले. आबांनी बैल जुंपले, आईने माझं नाक आपल्या पदराने पुसलं, जशी मी शाळेत बिगारीच्या वर्गात असताना पुसायची.

घराकडे निघालो. गाडीच्या बाजूने मी सायकल चालवू लागले, पण बैलांच्या चालीने सायकल कुठली सरळ चालणार… एकदा चाकाजवळ गेले, एकदा चरात उतरता उतरता वाचले. आबा गाडीवरून बघत होते.

"आमच्याबरोबर नको," ते शेवटी म्हणाले. "आमच्या गतीनं चाललीस तर पडशील. हो फुडं."

मी पुढे झाले. येत्या आठवड्यात बोट आहे. पोहोचल्यावर त्या टेकड्यांवर जाईन, वारा कानाला लागेल, तेव्हा मनात एकच येईल… मला धरून ठेवावंसं वाटणारं माणूस घरी आहे, आणि तरीही त्याने मला जाऊ दिलं. इतकं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.