मामा आणि एकसष्टावी खोली

अन्याय झाला तो माझ्या मामांवर, गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, अकरा माणसांसमोर. करणारी मी. आजवर मी लिहिलेल्या पत्रकांत दोषी माणूस नेहमी दुसराच कुणीतरी असायचा, त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय. पण दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगायचं असतं, ते सांगितलं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांच्याकडे राहून मी कॉलेज केलं आणि पुढे पूररेषेतल्या बांधकामांविरुद्ध पत्रकं वाटत तिथेच राहिले. एक गोष्ट मी कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगेन: पाण्याला मामांइतका भिणारा माणूस कृष्णेच्या काठावर झाला नाही, आणि पाण्याचा त्यांच्याइतका अभ्यास केलेलाही कुणी नाही.

मामा मूळचे माण तालुक्यातले, टँकरमागे घागर घेऊन पळत वाढलेले. उमेदीची वर्षं सैन्याच्या स्टोअरमध्ये हवालदार म्हणून गेली, तीही राजस्थानच्या वाळूत. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, नदीपासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव बेसावध चाल. "आमच्याकडं मानूस पाण्याची वाट बघायचा," ते म्हणायचे, "हितं पाणी मानसाची वाट बघत बसलंय." आंघोळीची बादली ते अर्धीच भरत. पाऊस लागला की घरातल्या सगळ्या चपला माळ्यावर जात, आणि आत्याला मंडईला निघायचं असलं की आधी शिडी लावावी लागे. एसटी पुलावर आली की डोळे मिटून माझा दंड धरत आणि "गेला का पूल?" असं विचारत राहत. एकदा पूल संपल्यावरही मी गंमत म्हणून गप्प बसले, तर मामा थेट पेठ नाक्यापर्यंत डोळे मिटून आले.

आणि हाच माणूस रोज दुपारी दोन तास एका बुडत्या घरात घालवायचा. निवृत्तीच्या दिवशी एका सोबत्यानं त्यांना हातात मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा व्हिडिओ गेम भेट दिला होता, आत एकच कॅसेट घातलेला. त्यात टोपी घातलेला, हातात कंदील घेतलेला एक रखवालदार. खालून पाणी चढत असतं. खोलीत पेट्या असतात, त्या ढकलता येतात, ओढता येत नाहीत. पेट्यांच्या पायऱ्या रचायच्या, एका कठड्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची आणि पाणी डोक्यावर जायच्या आत वरचं दार गाठायचं. एखादी पेटी चुकून भिंतीला चिकटली की तिथेच संपलं. पाण्याच्या नावानं घाम फुटणाऱ्यानं हे का खेळावं, असं मी एकदा विचारलं. "भ्या कुठंतरी ठेवाय पायजे का नगं?" मामा म्हणाले. "ह्येच्यात ठिवतो. मग ऱ्हायलेला दिस बरा जातो." त्या रखवालदाराला ते 'पावणं' म्हणत. आत्याच्या मुलीला बघायला मंडळी आली होती तेव्हा पोहे वाटून होताहेत तोच आतल्या खोलीतून मामांचा खिन्न आवाज आला, "पावणं बुडालं." मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. लग्न तरीही जमलं, ती आज साताऱ्यात सुखात आहे.

कोडं मामा सोडवायचे, पण उडी त्यांनी कधीच मारली नाही. अंगठा थरथरायचा. पाव्हण्याला कठड्याच्या टोकाशी आणून उभं करायचे आणि जो कुणी दारात असेल त्याच्या हातात ते यंत्र द्यायचे, "एवढी उडी तेवढी मारून द्या." दूधवाल्यानं उड्या मारल्या, मीटर बघायला आलेल्यानं मारल्या, मुलीच्या सासऱ्यांनी साखरपुड्याच्या दिवशी शेरवानीत मारली. सिलिंडरवाल्याचा अंगठा फार तयार होता, त्याच्यासाठी मामांनी घरात भरलेला सिलिंडर असताना दुसरा मागवला होता. अशा उसन्या उड्यांवर ते अकरा वर्षांत एकसष्टाव्या खोलीपर्यंत पोचले. हा गेम आणखी कोण खेळतं म्हणून मी इंटरनेटवर शोधलं, तर कुणीच नाही. उड्या मारणाऱ्यांनी म्हटलं होतं की कोडी फार आहेत, कोडी सोडवणाऱ्यांनी म्हटलं होतं की उड्या फार आहेत, आणि दोघांनी मिळून तो टाकून दिला होता. मला इतका राग आला की पत्रकच काढणार होते. "ऱ्हाऊ दे पोरी," मामा म्हणाले, "आपल्याला घावला न्हवं?"

तर तो सोमवार. धरणातून पाणी सोडलं होतं. भोंगा लावलेली रिक्षा सांगून गेली की गल्लीत पाणी उद्या सकाळी येईल, आणि तेच मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सगळ्यांना दोनदा समजावलं. मामा बाहेर आले, शर्टाचा खिसा गेमनं फुगलेला. म्हणाले, "उद्या न्हाई, आज दुपारीच येतंय. गटारीचं पाणी उलटं वर चढाय लागलंय, बघा. आन जड सामान आधी हलवू नका. आधी मानसं वर, मग हलकं. जड येकदा जिन्यात अडलं का वाट बंद." भीतीनं त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी म्हणाले, "मामा, हा तुमचा गेम नाही. इथं खरी माणसं बुडतात." अकराही जण हसले. एक म्हणाला, "हवालदार, पाव्हण्याला विचारून सांगा की किती फूट येणार." मामा रागावले नाहीत. खिशावर हात ठेवून आत गेले.

आम्ही जड सामान आधी हलवलं. आत्याचं लोखंडी कपाट, त्यात घराची कागदपत्रं, माझी पत्रकं, सगळं. दोन शेजारी आणि मी. जिन्याच्या वळणावर ते असं अडकलं की वर जाईना, खाली येईना. तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, गल्लीत पाणी शिरलं होतं. शेजारी आपापल्या घराकडे पळाले, त्यांचंही बरोबर होतं. दुपारचे दोन वाजले होते. आतल्या खोलीत गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेली आत्या, एकुलता एक जिना बंद, आणि उंबऱ्यावरून गढूळ पाणी आवाज न करता आत येत होतं. मी कपाटाला धडका देत होते आणि रडत होते. आत्या आतून म्हणाली, "अगं, काय झालंय ते सांगशील का? माझी काठी तरंगायला लागलीय."

मामा जिन्याकडे बघत उभे होते, दुपारी स्क्रीनकडे बघत तसे. मग म्हणाले, "खालनं न्हाई सुटायचं. वरनं ढकलाय पायजे. कागूद गेलं तर जाऊ देत." वर जायला रस्ता एकच, शेजारच्या गच्चीवरून. तिकडे लोखंडी शिडी होती, आत्याला ती चढवणं अशक्य. मामांनी आधी हॉलमधलं टेबल बाजूला सरकवलं, कपाट पडेल ती जागा पायानं मोजली आणि मग माझा हात धरून बाहेरच्या घोट्याएवढ्या पाण्यातून मला त्या शिडीपर्यंत नेलं. गच्चीवर गेल्यावर कळलं की दोन कठड्यांमध्ये चार फुटांची फट आहे. खाली पाणी, त्यात कुणाचा तरी निळा ड्रम गोल गोल फिरत होता. मामाही मागोमाग शिडी चढून आले होते. "पोरी," ते म्हणाले, "येवढी उडी तू मार. खाली बघू नगंस, पलीकडची वीट बघ." मी सभांमध्ये फार मोठमोठ्यानं बोलते. त्या कठड्यावर मी नुसती पलीकडची वीट बघितली. उडी मारली, कोपर सोलून निघालं.

मामा खाली परत गेले. त्यांनी हाक दिल्यावर मी वरून कपाटाला पाठ लावली, आणि ते घसरत जाऊन मामांनी मोजलेल्या जागेवर आडवं पडलं. आतल्या खोलीच्या दारापासून जिन्याच्या पायरीपर्यंत त्याचाच ओटा झाला. आणि मग अर्ध्या बादलीचे मामा गुडघाभर पाण्यातून आतल्या खोलीत गेले, आत्याला पाठीवर घेतलं आणि डोळे मिटून बाहेर आले. "डावीकडं, अवं, डावीकडं," आत्या दिशा सांगत होती. तिला कपाटावर उतरवताना ते वाकले आणि खिशातून गेम पाण्यात पडला. आम्हा तिघांनाही तो दिसला, बटणाचा लाल दिवा क्षणभर पाण्याखालून दिसत राहिला. मामा पुन्हा वाकले नाहीत. "चला वर," एवढंच म्हणाले.

पाणी ओसरल्यावर गल्लीनं माझा सत्कार केला. उडी मारणारी मुलगी. आमच्या समितीनं पत्रकावर माझा फोटो छापला. उडी सगळ्यांना दिसते. आधी काय हलवायचं हे ज्याला कळलं होतं, त्याचं नाव त्या पत्रकात एका ओळीतही नव्हतं, आणि मजकूर मीच तपासला होता.

मामा आणि आत्या आता साताऱ्यात मुलीकडे आहेत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून किल्ला दिसतो आणि पाण्याचा थेंब दिसत नाही. गेल्या महिन्यात गेले होते. शेजारी कुठं नळ सुटला की मामा खुर्चीतून उठून उभे राहतात. आंघोळ टाळतात, अर्धी बादलीही नको म्हणतात. हात मांडीवर असतात आणि दोन्ही अंगठे सारखे हलत असतात. मी माफी मागितली. त्यांनी मला चहा घ्यायला लावला. मग म्हणाले, "तवा भ्या खिशात बसायचं गं. आता समद्या घरात फिरतंय." मला त्यांच्याकडे बघून भीती वाटली. पावसाळा परत येणारच आहे.

तो गेम दुकानात मिळत नाही, मी सांगली, सातारा, पुणे पालथं घातलं. पण कुणालाच नको होता म्हणजे तो कुणाच्या तरी घरात नक्की पडून आहे: बोटाएवढी करडी कॅसेट, निळं लेबल, टोपी आणि कंदील. मोठ्या झालेल्या मुलांच्या सामानात, तुटक्या रिमोटच्या डब्यात, तुमच्याच टीव्हीखालच्या खणात. मला सत्कार नको, सह्या नकोत, सभेला गर्दीही नको. हा कागद खाली ठेवा आणि तो खण आत्ता उघडून बघा.