बाबांचा डावा डोळा आणि वरचं भोक

मी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. भाईंदरला केबिन रोडच्या एका गल्लीत माझा गाळा आहे, राहायला सिल्व्हर पार्कला. पंचवीसहून जास्त वर्षं हेच करतोय, आणि गेल्या वर्षापर्यंत मी एक गोष्ट अगदी अभिमानाने करायचो. जुना गॅस हवेत सोडून द्यायचो.

यात अभिमान कसला, ते सांगतो. आमच्याकडचं गिऱ्हाईक भलतं संशयी. फ्रिज थंड करत नाही म्हणून बोलावलं की मिस्त्रीसमोर खुर्ची ओढून बसणार आणि विचारणार, "भैया, पुराना पूरा निकाला ना? ऊपर-ऊपर से तो नहीं भर दिया?" गॅस डोळ्याला दिसत नाही, त्याला वास नाही. मग आपण प्रामाणिक आहोत हे दाखवायचं कसं? त्यावर आमच्या धंद्यात एकच उपाय होता. कॉम्प्रेसरची बारीक नळी उघडायची आणि आतल्या गॅसला जाऊ द्यायचं. फुस्स! जितका लांब आवाज, तितका मिस्त्री खरा. गिऱ्हाईक मान हलवायचं आणि चहा मागवायचं.

माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या होत्या. आवाज गिऱ्हाइकाला ऐकू गेला पाहिजे, आणि बोटं नळीपासून लांब ठेवली पाहिजेत, कारण सुटलेला गॅस इतका गार असतो की कातडी जाळतो. पहिली गोष्ट मी पक्की लक्षात ठेवली. दुसरी विसरायचो, म्हणून माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरे डाग आहेत.

गेल्या वर्षी मिस्त्री लोकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मी गेलो सर्टिफिकेटसाठी, आणि खोटं कशाला बोलू, तिथलं जेवण चांगलं असतं असं ऐकलं होतं म्हणूनही. शिकवायला एक बाई होत्या, माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान. म्हटलं, ह्या काय आपल्याला गॅस शिकवणार. अर्ध्या तासात मी वही उघडली.

त्यांनी सांगितलं ते असं. विमानं उडतात त्याच्याही वर ओझोन नावाच्या वायूचा विरळ थर आहे. उन्हातला जो भाग खरा जाळणारा, ते अतिनील किरण, तो हा थर वरच्यावर अडवतो. फ्रिजमधला जुना गॅस खाली अगदी गरीब गाय. पेटत नाही, विषारी नाही, कशाशी भांडत नाही. पण तो कशाशी भांडत नाही म्हणूनच संपतही नाही. वर्षानुवर्षं हवेत भटकत भटकत वर पोचतो. तिथल्या कडक उन्हात फुटतो, त्यातून क्लोरीन सुटतं आणि ते ओझोन खायला बसतं. खाऊन पोट भरत नाही त्याचं. एक कण संपवला की पुढचा. थर झिजला की ते किरण जास्त खाली येतात. त्वचेचा कॅन्सर वाढतो, डोळ्यांत मोतीबिंदू वाढतात, पिकं खुरटतात, समुद्रात मासे ज्या बारीक जिवांवर जगतात ते मरतात.

सगळ्यात जास्त झीज दक्षिण ध्रुवावर झाली. त्यालाच लोक भोक म्हणतात. खरं तर भोक नाही, जुनं धोतर बसायच्या जागी विरतं तसं.

मग त्या हसल्या आणि म्हणाल्या की ही गोष्ट रडायची नाहीये. जगातले जवळजवळ सगळे देश एकत्र बसले, तो जुना गॅस बनवणं बंद केलं आणि आता वरचा थर हळूहळू भरून येतोय. मला एकदम बरं वाटलं. माणसांनी मिळून मोडलेलं काहीतरी माणसांनीच मिळून नीट केलं, असं रोज कुठे ऐकायला मिळतं?

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पण जुन्या मशिनमध्ये जो गॅस शिल्लक आहे, तो काढताना तुम्ही काय करता?"

हॉलमधले सगळे मिस्त्री फरशीकडे बघायला लागले. मागून कोणीतरी तोंडाने आवाज काढला, "फुस्स!" हॉल हसून हसून लोळला. मीही हसलो, आणि मधेच माझं लक्ष बोटांवरच्या डागांकडे गेलं.

घरी येऊन मी एक चूक केली. जेवताना ही सगळी कथा रंगवून सांगितली. समोर बाबा बसले होते.

बाबा तरुणपणी रायगडातून इकडे आले आणि उभा जन्म भाईंदरच्या मिठागरात काढला. वरून ऊन, खालून पांढऱ्या मिठाची तिरीप. महिन्याभरापूर्वीच त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डावा बाकी होता. डॉक्टर म्हणाले होते, "वय हे मोठं कारण, आणि उन्हातही फार राहिलात आजोबा." बाबांनी त्यातलं वय सोडून दिलं आणि ऊन तेवढं लक्षात ठेवलं.

माझी कथा संपली. बाबांनी घास खाली ठेवला.

"म्हंजे गॅस तू सोडलास."

"मी एकटाच नाही, बाबा. सगळेच सोडायचे."

"त्यानं वरचं छप्पर विरलं. ऊन खाली आलं. मोतीबिंदू झाला मला. बरोबर हाय का न्हाय?"

"अहो, असं सरळ नसतं ते. भोक तिकडे दक्षिण ध्रुवावर पडलंय."

"गॅस भाईंदरला सोडला आणि भोक तिकडं? तुझा गॅस पासपोर्ट घेऊन गेला काय?"

बायकोला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. मी समजावलं की गॅस वाऱ्याबरोबर सगळ्या जगात मिसळतो आणि ध्रुवावरच्या थंडीत त्याचा जोर जास्त चालतो. बाबांनी एवढंच ऐकलं की गॅस सगळीकडे जातो.

दुसऱ्या दिवसापासून ते सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "माझ्या पोरानंच माझ्या डोळ्यात मोतीबिंदू घातला." दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेननी मला लिफ्टमध्ये गाठलं. "भाई, तुमने पप्पा की आँख में क्या डाल दिया?"

इथपर्यंत मजाच होती. पण डाव्या डोळ्याची तारीख आली आणि बाबा अडून बसले. म्हणाले, "आधी ह्यानं वरचं भोक बुजवावं. मग मी माझा डोळा उघडतो."

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी आत जाताना त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की नर्सला सोडवावं लागलं. म्हणजे भोक हे निमित्त होतं. ते घाबरले होते. पण असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण भीती हा शब्द बाबांना शिवीसारखा लागतो. तारीख गेली. दुसरीही गेली. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चालला होता. एकदा त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला, एकदा जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि गुडघा फुटला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता उशीर केलात तर ऑपरेशन अवघड होईल. मला रात्रंदिवस तीच धास्ती लागली.

आणि दुसरंही काही होतं. बाबा चेष्टा करायचे, पण मला मनापासून लाज वाटत होती. गाळ्यात नळी हातात घेतली की पूर्वी जो आवाज ऐकून छाती फुगायची, तो आठवून आता कानकोंडं व्हायचं. प्रशिक्षणानंतर आम्ही चार मिस्त्र्यांनी मिळून गॅस ओढून घ्यायचं मशीन आणलं होतं. बाकीच्या तिघांच्या मते ते फार वेळ खातं, म्हणून माझ्याच गाळ्यात पडलेलं असायचं. मी ते वापरायला लागलो होतो, पण बाबांना कसं पटवणार? न सोडलेला गॅस कोणाला ऐकवणार?

आमच्या गॅलरीत आईचा फ्रिज होता. आई जाऊन सात वर्षं झाली. आम्ही काशीगावला एका खोलीत राहायचो तेव्हा मी धंद्यात नवा होतो. तो फ्रिज मी जुना म्हणून आणला आणि स्वतः गॅस भरला. भरण्याआधी आईला दाखवायला म्हणून मुद्दाम लांबलचक फुस्स केलं होतं. तिने शेजारणीला बोलावून तो आवाज ऐकवला होता, पोराने शिकलेली विद्या म्हणून. ती गेल्यावर त्यात फक्त बाबांची पाण्याची बाटली आणि कोकमाचं आगळ असायचं, पण फ्रिज चालू होता. गेल्या उन्हाळ्यात त्याचा कॉम्प्रेसर जळाला. त्या मॉडेलचं आता काही मिळत नाही, म्हणून मी भंगारवाल्याला बोलावलं.

रविवारी सकाळी तो काशीगावाहून टेम्पो घेऊन आला. फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागची तांब्याची नळी कापायला कटर लावला, जसं तो नेहमी करतो.

"थांब!"

मी आणि बाबा एकदमच ओरडलो. भंगारवाला दचकून मागे सरला. "क्या हुआ चाचा?"

बाबा भिंतीला हात लावत गॅलरीत आले. "तो जुना गॅस ह्याच्यातच हाय ना रे?"

खरंच होता. मोटर जळाली होती, नळ्या शाबूत होत्या. सगळ्यात वाईट जातीचा, बारा नंबरचा गॅस, मीच भरलेला. बाबांनी खुर्ची ओढली आणि थेट माझ्यासमोर बसले, केबिन रोडच्या गिऱ्हाइकासारखे.

"काढ," म्हणाले. "मी ऐकतो."

मी गाळ्यातून मशीन आणलं. रिकामा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला, नळीला चिमटा बसवला, पाइप जोडले आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरायला लागलं. बाबांनी कान पुढे केला. भंगारवाल्यानेही केला.

"आवाज येत न्हाय."

"यायलाच नको, बाबा."

"मग गॅस गेला कशावरून? उगाच मशीन फिरवून दाखवतोस."

जन्मभर गिऱ्हाइकाकडून मी हाच संशय ऐकत आलोय, फक्त आता ऐकवायला फुस्स नव्हतं. मी काट्याकडे बोट दाखवलं. बाबा वाकले, डावा डोळा मिटला आणि उजव्या, नव्या डोळ्याने आकडे वाचू लागले. आकडा हळूहळू चढत होता. मिठागरात पोती काट्यावर चढवण्यात त्यांची हयात गेलेली. आवाजावर ते विश्वास ठेवणार नव्हते, पण वजन त्यांना कळत होतं.

आकडा थांबला. चहापत्तीच्या लहान पुडीएवढंच वजन.

"एवढासा?"

"एवढासाच."

"आणि असे तू किती सोडलेस?"

"मोजले नाहीत, बाबा," म्हणालो.

ते सिलिंडरवर दोन बोटं टेकवून म्हणाले, "आता मोज."

भंगारवाला एवढा वेळ कटर धरून उभा होता. बाबांच्या डोळ्याची कहाणी त्यालाही गेटवर ऐकायला मिळाली होती. तो म्हणाला, "चाचा, इसने तो गॅस पकड़ लिया. अब आप भी आँख बनवा लो." बायकोने आतून लगेच पुस्ती जोडली, "मी डॉक्टरांना फोन लावतेय हं!" साक्षीदारांसमोर बाबांना मागे फिरता येईना. असा गॅस नष्ट करायला जिथे घेतात, तिथे मी तो सिलिंडर नंतर जमा केला. पावती मागून घेतली आणि ती बाबांनी उशीखाली ठेवली.

ऑपरेशनला आत जाताना त्यांनी या वेळीही माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं नाही, नर्सलाही थांबायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. बाबांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग माझा हात हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. माझ्या बोटांवरचे डाग त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट दिसत होते.

"हे गॅसचं?"

"हो. जाळतो तो."

त्यांनी स्वतःचा तळवा माझ्या हाताशेजारी धरला. मिठाने खाल्लेल्या भेगा आणि माझे पांढरे डाग आम्ही दोघं बघत राहिलो.

"वरचं ते बुजतंय म्हणालास ना?"

"बुजतंय. पण अजून वीस-पंचवीस वर्षं तरी लागतील. ध्रुवावर त्याहून जास्त."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हंजे मी न्हाय बघायचा. तू तवा माझ्याएवढा असशील."

"असेन."

"मग तुझ्या पण डोळ्यात मोतीबिंदू आलेला असेल," बाबा म्हणाले. "वेळेवर काढून घे. माझ्यासारखा भिऊ नको."