डबल बेलपर्यंत बसलेली मंदा

मंदा गेली ही बातमी मी आधी खोटीच ठरवली. आमच्या खारघरच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे अफवांचा कारखाना. मागे त्याने एका वॉचमनला असंच स्वर्गवासी केलं होतं, आणि तो वॉचमन संध्याकाळी स्वतःच्याच श्रद्धांजलीला अंगठा देऊन ड्युटीवर हजर झाला होता. त्यामुळे टाकी धुण्याच्या सूचनेखाली ‘बी विंगच्या मंदाताईंचे उरण येथे भावाकडे हृदयविकाराने निधन’ ही ओळ दिसली, तेव्हा मी ठरवलं, चौकशी केल्याशिवाय रडायचं नाही. सरळ मंदालाच फोन लावला. तो तिच्या सुनेने उचलला... आणि ती नुसतं ‘हो, काकू’ म्हणाली. मग विश्वास ठेवावा लागला.

मंदा उरणच्या कोळीवाड्यातली. नवरा गेल्यावर मुलाने इकडे फ्लॅट घेतला आणि आईला अकराव्या मजल्यावर आणून ठेवलं. आवाज असा, की तिने गॅलरीतून नातवाला हाक मारली तर मेट्रो एक स्टेशन आधीच थांबायची. मी शैला, साताऱ्याकडची. दुपारी माझ्याकडे सोसायटीतल्या बायका जमायच्या आणि मी गोष्टी सांगायची. माझ्या सगळ्या गोष्टी खऱ्या असतात, फक्त घडलेल्या नसतात. त्यातली सर्वात खरी माझ्या सासऱ्यांच्या म्हशीची. ही म्हैस दर बाजाराला एकटी एसटीने तालुक्याला जायची आणि कंडक्टर तिला अर्धं तिकीट फाडायचा.

मंदा ऐकायला यायची, पण सोफ्यावर कधी बसली नाही. दाराजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर टेकायची. चहा घ्यायची नाही, पाणी दिलं तर हाताने पेला मागे सारायची. म्हैस एसटीत चढली की ही ओठ आवळायला लागायची, आणि कंडक्टर स्टँडवर खाली उतरला, म्हणजे गोष्टीचा शेवट तोंडाशी आला, की उठायची. “गॅसवर दूध हाय.” बास, गेली. एकदा झालं, दोनदा झालं. रोज दुपारी कोणाच्या घरी दूध उतू जातं हो? मला संशय यायला लागला. आधी वाटलं, हिला माझ्या गोष्टी भिकार वाटतात. मग वाटलं, सेक्रेटरीची हेर आहे, इथलं तिथे पोचवते. पण मनाला खरं लागलं ते पाणी. आमच्या घरच्या पाण्याचं हिला काय वावडं? हा विचार एकदा डोक्यात शिरला की माणूस हसून बोलतो, पण आतून बोलणं बंद करतो.

एका दुपारी ती उठली तशी मीही तिच्या मागोमाग लिफ्टमध्ये घुसले. म्हटलं, चल, तुझं दूध बघते. ती दार उघडून तडक बाथरूममध्ये गेली. मी स्वयंपाकघरात. गॅस थंडगार, वर साधं टोपसुद्धा नाही. चोर सापडला म्हणून मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मंदा बाहेर आली ती दुसरं लुगडं नेसून.

“दूध नाय,” ती म्हणाली. “तू हसवतेस नि माजं लुगडं भिजतं गो. धाकट्याच्या बालंतपनापासून हाय हे. म्हनून सकालपासून पानीच पीत नाय. आता हसायचं पन सोडलंय.”

कमरेवरचे हात मी खाली घेतले. अकराव्या मजल्यावरून मेट्रो थांबवणारी ही बाई, आणि तिने हसणं बंद केलं होतं... घरात कोणाला पत्ता नव्हता.

मीच सुनेच्या कानावर घातलं. सून चांगली शिकलेली. तिने कामोठ्यात एक फिजिओथेरपिस्ट शोधून काढली, प्रज्ञा मॅडम म्हणून. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात, लघवी-शौचाला धरून ठेवणारे, त्यांचा व्यायाम शिकवणारी. सोबत मी गेले, कारण असल्या ठिकाणी एक संशयी माणूस हवाच. आणि माझं बरोबर होतं, असं मला पहिल्याच मिनिटाला वाटलं. व्यायाम राहिला बाजूला, मॅडमनी विचारलं, काल सकाळपासून काय काय खाल्लंत? पोट रोज साफ होतं का? कुंथावं लागतं का? मी मनात म्हटलं, आली, पावडर आली. आता ड्रॉवर उघडेल आणि महागडा डबा बाहेर निघेल. मी त्या ड्रॉवरवरून नजर काढली नाही. शेवटी तो उघडला आणि त्यातून निघाला कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा.

त्यावर बोट ठेवून मॅडमनी समजावलं. पाणी कमी प्यायलं की लघवी तीव्र होते, पिशवी चिडते आणि घाई उलट वाढते. पोटात कोरडं राहिलं की कुंथावं लागतं, म्हणजे ज्या स्नायूंना आपण उभं करायला निघालो, त्यांच्यावर रोज सकाळी आपणच वरून भार टाकायचा. आणि नुसत्या व्यायामाने स्नायू भरत नाहीत, त्यांना खायला द्यावं लागतं. मंदाचं खाणं म्हणजे दिवसभर चहा-टोस्ट, सोमवारी साबुदाणा आणि एरवी भात-रस्सा. मॅडमनी विचारलं, कोळ्यांच्या घरात नुसता रस्सा कसा, तुकडा कोणाच्या ताटात जातो? मंदा म्हणाली, “तुकडा पोराला नि नातवाला. मना रस्सा आवडतो.”

“खरंच आवडतो?” मॅडम म्हणाल्या.

ठरलं असं: जेवताना मासळी, अंडं किंवा डाळ हवीच. नाचणीची भाकरी, पालेभाजी, पपई. चहा दोनदाच. पाणी दिवसभर थोडं थोडं, पण आधी तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, कारण हृदयाची गोळी तिला कधीपासूनच चालू होती. आणि सोबत व्यायाम: शिंकेआधी, हसण्याआधी ते स्नायू आतून आवळून धरायचे. मी पुढे कितीतरी दिवस मंदाच्या फडताळांची झडती घेत होते, पावडर काही सापडली नाही. सुनेने सांगितलं, सासूबाईंनी सुरमईचा मधला तुकडा पहिल्यांदा स्वतःच्या ताटात वाढून घेतला, तेव्हा घरात अशी शांतता पसरली की शेजारच्या विंगमधला कुकर ऐकू आला. फरक काही लगेच पडला नाही. मध्ये एक मोठा खोकला झाला आणि सगळं पहिल्यासारखं, तेव्हा मंदा म्हणाली, आता पुरे. पुन्हा पाणी बंद केलं. सुनेने रागावून, रडून परत सुरू करवलं.

मग एके दुपारी मंदा आली ती स्टीलची बाटली घेऊन. दाराजवळच्या खुर्चीला ओलांडून सोफ्याच्या बरोबर मधोमध बसली आणि म्हणाली, “म्हैस सांग.” मी सांगितली. म्हैस चढली, अर्धं तिकीट फाटलं, कंडक्टर स्टँडवर चहाला उतरला. मंदाचे ओठ आवळलेले, पण ती उठेना. मग म्हशीने मान वर केली, शिंगात घंटीची दोरी अडकवली आणि डबल बेल दिली. एसटी कंडक्टरला सोडून निघाली! मंदा हसली. असं हसली की पारसिकच्या डोंगरावरचे पक्षी उडाले. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “फुडची सांग.”

ती वारल्यावर माझा जुना स्वभाव उसळून आला. दहावं-बारावं झालं आणि मी तडक कामोठ्याला गेले. विचारलं, एवढं पाणी पाजलंत तिला, ते हृदयाला झेपलं का? मॅडम चिडल्या नाहीत. पाण्याचं प्रमाण हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवून दिलं होतं, म्हणाल्या, आणि दुखणं खूप जुनं होतं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “म्हशीवाल्या तुम्हीच ना? त्या म्हणायच्या, खोकून बघितलं, शिंकून बघितलं, पण खरी परीक्षा शैलाच्या सोफ्यावर.”

घ्या. म्हणजे इतके महिने मी गोष्टी सांगत होते आणि ही बाई परीक्षा देत होती. तेव्हापासून नवा संशय. ती म्हशीला हसली, की पास झाली म्हणून हसली?

उरणला जायच्या आदल्या दुपारी ती आली होती, तेव्हा मी नवी गोष्ट सुरू केली, माझ्या मामाला खाडीत ओढून नेणाऱ्या जिताड्याची. मासा मामाला घेऊन पार उरणच्या मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत पोचला आणि मंदा उठली. जुनी सवय म्हणून माझी नजर आधी तिच्या लुगड्याकडे गेली. तिने ते पाहिलं.

“तसं काय नाय गो, सामान बांधायचंय,” ती म्हणाली. “शेवट ठेव माज्यासाठी. आल्यावर आयकते.”

घाईत बाटली विसरली. ती अजून सोफ्यापुढच्या टीपॉयवर आहे. बायका येतात, जिताड्याचं काय झालं विचारतात, आणि मी म्हणते, गॅसवर दूध आहे. खरं सांगू का, त्या गोष्टीला शेवट नव्हताच. तो मी मंदाच्या तोंडाकडे बघत बघत रचणार होते.

बाटलीतलं पाणी मात्र मी रोज सकाळी बदलते.