वातींच्या जुड्या आणि कूलरवरचे मांजर

मांजर एखाद्या गुन्ह्याचा उलगडा करायला खरोखर मदत करू शकते का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे. प्रश्न पोरकट वाटेल. पण ज्या श्रावणात तो मला पडला, त्या श्रावणात माझ्या शेजारणीने नाशकात राहायचे की नाही, हे त्याच्या उत्तरावर येऊन ठेपले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. निवृत्तीनंतर भाचीने मला इंग्रजी रहस्यकथांची चटक लावली. या कथांची एक ठरावीक जात आहे. गाव लहान, माणसे सुस्वभावी; एक बाई पुस्तकांचे किंवा केकचे दुकान चालवते आणि तिच्याकडे मांजर असते. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात खून होतो, पण रक्त फारसे दिसत नाही. पोलीस भलत्याच माणसाला पकडतात. मग मांजर कपाटावरून उडी मारते, फुलदाणी पडते आणि तिच्यातून किल्ली निघते. मला ही पुस्तके आवडतात, कारण शेवटी सगळे आपापल्या जागी जाते. पण शिक्षकाची खोड जात नाही. समासात मी पेन्सिलीने लिहीत असे, ‘मांजराला हे कसे कळले?’ बहुतेक पुस्तकांत याचे उत्तर नसे. लेखिकेला पुरावा हवा असतो त्याच क्षणी मांजर उडी मारते, एवढेच.

पुस्तक संपले की त्याची गोष्ट मी दुपारी शेजारणीला मराठीत सांगे. ती माझ्याहून वयाने मोठी, माहेर येवल्याचे, घरात एकटी. सोबतीला एक करडे मांजर. गोष्ट ऐकता ऐकता ती वाती वळत असे. त्या वर्षी तिने लाखवातीचा संकल्प केला होता. चातुर्मासात कापसाच्या लाखभर वाती हाताने वळायच्या, शंभर-शंभरांच्या जुड्या बांधायच्या आणि कार्तिकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, देवळात तुपात भिजवून लावायच्या.

“विकत मिळतात की हो,” मी एकदा म्हटले.

“विकतच्या वातींना देवही विकतचाच पावायचा, बाई.”

श्रावण लागला आणि डब्यातल्या जुड्या कमी भरू लागल्या. आदल्या दिवशी बांधलेल्या जुड्या दुसऱ्या दिवशी मोजल्या की एक-दोन नसत. घरात दुसरे कुणी येत नव्हते. कामाला बाई नव्हती, दाराला कडी असे. शिवाय कापसाच्या वाती चोरणार कोण?

तिचा मुलगा पुण्याला असतो. तो रोज फोन करी. मुलगा चांगला आहे, काळजी करणारा आहे. उन्हाळ्यात एकदा आईच्या हातून गॅसवर दूध करपले होते, तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसले होते की आई आता विसरू लागली आहे. वातींचे ऐकल्यावर तो म्हणाला, “आई, तू वळल्याच नसशील. वळल्या असं तुला वाटलं असेल.”

हे वाक्य तिला फार लागले. येत्या रविवारी येऊन तिला पुण्याला न्यायचे आणि फ्लॅट बंद करायचा, असे त्याने ठरवले. नातीला दम्याचा त्रास असल्याने मांजर तिथे चालणार नव्हते. त्याला सांभाळायला कुणीतरी बघावे, असेही तो म्हणाला.

“बाई, खरं सांगा,” तिने मला विचारले. “माझं डोकं जायला लागलंय का?”

मी लगेच उत्तर दिले नाही. तिने ते ओळखले आणि विषय बदलला.

“तुमच्या पुस्तकांतली मांजरं खुनी पकडतात. आमच्या बाईसाहेब बघा. खातात आणि कूलरवर चढून लोळतात. विचारा तिला, साक्ष देते का.”

उन्हाळा संपल्यावर जुनी चादर टाकून बाल्कनीत ठेवलेल्या कूलरवर मांजर बसले होते. त्याने आमच्याकडे पाठ केली.

वर्गात प्रयोगाचे उत्तर चुकले की मी मुलांना सांगे, कोण चुकले ते विचारू नका, या खेपेला काय बदलले ते विचारा. तोच प्रश्न मी तिला विचारला. देवापुरत्या वाती तर ती वर्षानुवर्षे वळत होती.

“कापूस तोच, जागा तीच,” ती म्हणाली. “काही बदललं नाही. राख तेवढी नाही.”

वात वळताना बोटांवर कापूस घसरतो, म्हणून बोटांना काहीतरी लावावे लागते. ती उदबत्तीची राख लावत असे. आषाढात तिला खोकला झाला, डॉक्टरांनी उदबत्ती बंद केली, राख संपली. तेव्हापासून ती बोटे दुधात बुडवू लागली. तीही जुनी रीतच आहे. दुधाची वाटी रोज माझ्यासमोर असे. मी ती पाहिली होती. तिची नोंद घेतली नव्हती. पुढचा फरक असा, की राखेच्या वाती वळल्या की थेट डब्यात जातात. दुधाच्या ओल्या असतात, लगेच डब्यात भरल्या तर बुरशी येते. म्हणून त्या जुड्या ती खिडकीत सुपात वाळत ठेवी आणि घटकाभर आडवी होई. उठल्यावर सूप डब्यात रिकामे करी.

दूध म्हटल्यावर आम्हा दोघींची नजर मांजराकडे गेली. शनिवारी आम्ही परीक्षा मांडली. एकाच कापसाच्या, एकाच दोऱ्याने बांधलेल्या दोन जुड्या. एक दुधाची, दुसरी देवळातल्या विभूतीची. दोन्ही वाळवून सुपात ठेवल्या आणि टक लावून बसलो. मांजर आले, आम्हा दोघींकडे बघून जांभई दिली आणि निघून गेले.

“झाली साक्ष,” शेजारीण म्हणाली.

रविवारी मुलगा मोठी बॅग घेऊन आला. जेवणे झाली. मी सूप पुन्हा खिडकीत ठेवले आणि चूक सुधारली, म्हणजे तिथे कुणाला बसू दिले नाही. एरवी ती आडवी होते, त्याच वेळी आम्ही आतल्या खोलीत गेलो. मुलगा कपाटातून साड्या काढून देत होता, ती घड्या घालत होती. कपाटाच्या आरशात बाहेरच्या खोलीतली खिडकी दिसते.

“मावशी,” तो एकदम हळू आवाजात मला म्हणाला. साडी त्याच्या हातातच राहिली.

“हलू नकोस,” त्याची आई म्हणाली.

आरशात मांजर सुपाशी उभे होते. त्याने दोन्ही जुड्या हुंगल्या, एक तोंडात धरली आणि बाल्कनीकडे गेले. सुपात विभूतीची जुडी राहिली.

मुलाने कूलरवरची चादर काढली. मागची गवताची जाळी एका बाजूने सुटलेली होती. आत दुधाच्या जुड्यांची गादी घातली होती, तिच्यावर करडे केस आणि मधोमध बसून बसून पडलेला खळगा. मांजराला वर बसलेले आम्ही रोज पाहत होतो. आत बघायचे कुणाला सुचले नव्हते, कारण कूलर उघडायचा तो मार्चमध्ये.

“कशी थाटात निजतेय बघा,” शेजारीण म्हणाली. “आणि मी मेली माझं डोकं शोधत होते.”

मुलगा उकिडवाच बसून राहिला. “वळल्या होत्यास तू,” तो म्हणाला.

“वळल्या होत्या.”

“दूध मात्र करपलं होतं.”

“करपलं होतं. ते मी तेव्हाच कबूल केलं. दूध माझ्यामुळे, वाती हिच्यामुळे.”

देवाला आता या वाती चालतील का, असे त्याने विचारले. “देवाला चालतील रे, मला नाही चालायच्या,” ती म्हणाली आणि गादी तशीच राहू दिली. गेलेल्या वाती भरून काढायला तो तिच्याशेजारी बसला. त्याची पहिली वात हातात घेऊन तिने उजेडात धरली. “ही वात नाही. आळी आहे.” संध्याकाळी बॅग रिकामी पुण्याला गेली. साड्या त्याने स्वतः कपाटात लावल्या.

आता प्रश्नाचे उत्तर. मांजराने उलगडा केला नाही. चोरी त्यानेच केली होती आणि पाहणारे दिसले की ते साळसूदपणे निघून जात होते. तरीही मदत झाली, असे मी म्हणेन. वातींचा तपास चालला आहे असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात तपास एका म्हाताऱ्या बाईच्या बुद्धीचा चालला होता. मुलगा तो फोनवरून करत होता, मी गप्प राहून करत होते. घरात आणखी एक जीव आहे आणि त्याचाही यात हात असू शकतो, हे मनात आले तेव्हाच आमची नजर तिच्यावरून हटली. पुस्तकांतली मांजरे बहुधा एवढेच काम करतात, आणि ते कमी नाही.

अर्थात एका मांजरावरून नियम सिद्ध होत नाही. त्याला दुधाचा वास आवडला की नुसता मऊपणा, हेही मी पक्के सांगू शकत नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एकाच कापसाच्या दोन जुड्या कराव्यात, एक दुधाची, एक राखेची. नीट वाळवून शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि खोलीतून बाहेर जावे. मांजर दोरा गिळणार नाही, एवढे दाराआडून लक्ष असू द्यावे. माझ्या सांगण्यावर न जाता हे स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.