दाजींनी गाभा हलका ठेवला

छापखान्याच्या मालकांच्या बहिणीचे यजमान, म्हणून ते साऱ्या छापखान्याचे दाजी. मागच्या खोलीतला मोठा कॉम्प्युटर सांभाळणं हे त्यांचं काम. वीज जाऊन आली की तो अख्खी डिस्क कानाकोपऱ्यासकट तपासत बसे आणि तोवर छपाई ठप्प. बॅटरी ही मालकांच्या मते चैन होती. दाजी पडद्यासमोर हाताची घडी घालून उभे राहत, ऑपरेशन अर्ध्यावर सोडून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखे.

"कसं आहे?" लोक दबक्या आवाजात विचारत.

"बघू," दाजी म्हणत.

एके दिवशी मालकांचा धीर सुटला. "दाजी, पुन्हा असं झालं तर तुम्ही काउंटरवर बसा. इथं मी दुसरा माणूस बघतो."

काउंटर म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणं. दाजींना घाम फुटला आणि ते कामाला लागले.

उपाय होता. नवी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर मजकूर मांडायची नवी पद्धत, कोणतंही काम करण्याआधी 'आता हे करणार' अशी नोंद डिस्कच्या एका कोपऱ्यात करून ठेवते. मध्येच वीज गेली तर तेवढा कोपरा पाहिला की झालं. फक्त कर्नेलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, ती पद्धत यायला हवी. ती गाभ्यातच पक्की बसवता येते, किंवा मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवून लागेल तेव्हा आत बोलावता येते. दाजींनी बाहेर ठेवली. गाभा हलका बरा! त्यांचा स्वभावच तो. चष्मासुद्धा ते कामापुरता लावत आणि एरवी कुठंतरी ठेवून देत. कानांना उगाच भार कशाला?

सगळा मजकूर नव्या पद्धतीच्या डिस्कवर हलवला. झकास चाललं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर तो उठेचना. डिस्क वाचायची विद्या मॉड्यूलमध्ये, आणि मॉड्यूल त्याच डिस्कवर.

दाजी जेवायला घरी गेले ते पडेल चेहऱ्यानं. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"म्हणजे चष्मा शोधायला चष्मा हवा, तसं?" ती म्हणाली. "हे रोज सकाळी आपल्याकडे होतंच की. अहो, तो नाकावरच बसवून टाका एकदाचा."

दुपारी दाजींनी जुनी डिस्क जोडून कॉम्प्युटर उठवला, नवी पद्धत गाभ्यातच बसवली आणि नव्या डिस्कवर पुन्हा चालू केला. उठला. थोड्याच वेळात वीज गेली. सवयीप्रमाणे सगळे चहाला बाहेर पडले. वीज आली आणि कप भरायच्या आत कॉम्प्युटर तयार.

"दाजी, निदान चहा तरी होऊ द्यायचा!" मशीनवाला करवादला.

मालक मात्र खूश. त्यांनी दाजींची पाठ थोपटली, पडद्याकडे पाहिलं, मग दाजींच्या खुर्चीकडे.

"आता हा आपला आपणच उठतो?"

"हो ना!" दाजी अभिमानानं म्हणाले.

"मग तुम्ही इथं बसून काय करणार?"

दाजी आता काउंटरवर बसतात, चष्मा लावून. परवा वीज जाऊन आली तेव्हा ते गिऱ्हाइकाला तसंच सोडून मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले.

"कसं आहे?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कधीच उठलाय," मशीनवाला मान वर न करता म्हणाला. "तुम्ही बसा."